वरदेचे गाणे आणि वर्धेचा पूल

आपल्या घरात शाळेत जाणारे एखादे मूल असेल, तर या दिवाळीत फराळाचे ताट पुढे ठेवून त्याला एक प्रश्न विचारून पाहा. शाळेत उभा राहून तू राज्यगीत म्हणतोस. त्याच्या आरंभीच नद्यांची नावे येतात. त्यांतली ‘वरदा’ कुठली, सांग पाहू? कृष्णा आणि गोदावरी ते चटकन सांगेल. कोयना धरणामुळे तोंडपाठ असते. वरदेपाशी मात्र गाडी अडेल. आणि मुलाची बाजू सावरायला सरसावलेले वडीलही हळूच वर्तमानपत्रात तोंड खुपसतील!

वरदा म्हणजे आपली वर्धा. वरदा हे तिचे जुने, संस्कृत वळणाचे नाव. सातपुड्यात मुलताईजवळ ती उगम पावते, वऱ्हाड एका हाताला आणि वर्धा जिल्हा दुसऱ्या हाताला ठेवीत खाली उतरते, चंद्रपूरच्या मुलखात पैनगंगा आणि इरई यांना पोटात घेते, पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते. म्हणजे गीतातली वरदा आणि गीतातली गोदावरी या दोघी खऱ्याच एकमेकींना भेटतात. या वाटेवर बल्लारपूर डाव्या तीरावर लागते आणि समोर, उजव्या बाजूला आहे राजुरा.

हा लेख त्या राजुऱ्याचा आहे, एका लोकप्रिय गाण्याचा आहे आणि एका पुलाचाही आहे. तुम्ही म्हणाल, ही कसली खिचडी? गाणे हवेत तरंगणारे, पूल सिमेंट-गिट्टीचा! पण थोडे थांबा. दोन्ही बांधावी लागतात आणि दोन्हींवरून माणसे पलीकडे जातात.

घर न हलवता तीन राज्ये

राजुऱ्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. म्हणजे ऐकणाऱ्याला गमतीचा, भोगणाऱ्याला नव्हे. हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. दरबाराची भाषा उर्दू, बाजारात मराठी आणि तेलुगू, डोंगरात गोंडी आणि कोलामी. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा राजुरा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि जोडला गेला तो नांदेड जिल्ह्याला! पंचवीस-तीस किलोमीटरवर, नदीपलीकडे चांदा असताना जिल्ह्याचे ठिकाण दूर नांदेडला. अखेर १९५९ मध्ये तालुका चांदा जिल्ह्यात आला आणि पुढच्याच वर्षी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य जन्माला आले.

म्हणजे राजुऱ्यातल्या एखाद्या आजोबांनी ओसरीवरची बाजही हलवली नसेल. पण त्यांनी बारा वर्षांत हैदराबाद पाहिले, मुंबई राज्य पाहिले आणि महाराष्ट्रही पाहिला. कागदावरचा हा प्रवास किती सोपा! एक हुकूम निघाला की सरहद्द हलते. नदी मात्र हुकूम वाचत नाही. ती जिथे होती तिथेच वाहत राहिली. जिल्ह्याची कचेरी नदीपलीकडे आणि तालुका अलीकडे. तेव्हापासून आजवर राजुऱ्याच्या सगळ्या गरजा एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: नदी ओलांडायची कशी?

नागपूरच्या माणसाने नदीचे नाव घेतले

महाराष्ट्र राज्य जन्मले त्या दिवसांतलेच ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत. लिहिले राजा बढे यांनी, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज शाहीर साबळ्यांचा. ही तीन माणसे म्हणजे तीन निरनिराळे प्रदेश म्हणा ना! बढे १९१२ साली नागपुरात जन्मलेले, हळुवार भावगीतांचे कवी. खळे यांचे बालपण बडोद्यात गेलेले; गायकाची परीक्षा पाहणाऱ्या अवघड, वळणदार चालींबद्दल ते ओळखले जात. साबळे वाईजवळच्या पसरणीचे, डफावर थाप पडताच मैदान जागे करणारे. नागपूरचे शब्द, बडोद्याचे संस्कार आणि साताऱ्याचा गळा एकत्र आले आणि सगळा महाराष्ट्र ते गाऊ लागला.

महाराष्ट्राचे वर्णन करायचे म्हटले की सह्याद्री आणि पश्चिमेकडच्या नद्या आपोआप येतात. नागपूरच्या कवीने मात्र पूर्वेकडची वरदाही त्या माळेत ओवली. राजुरा नुकता कुठे या राज्यात पाय टेकत होता आणि त्याच्या दारची नदी राज्याच्या गाण्यात आधीच जाऊन बसली. गाण्याने नदी अशी सहज ओलांडली!

पण ‘सहज’ हा शब्द फसवा आहे. लोकांच्या ओठांवर सहज येणारे गाणे लिहिणाऱ्याला सहज आलेले नसते. त्या काळी भावगीत ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघे आणि तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. एवढ्या जागेत ध्रुपद, दोन-तीन अंतरे, मधले वाद्यांचे तुकडे, सगळे बसवायचे! गंमत पाहा: त्या तबकडीतला मुख्य घटक होता लाख, पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर एक इवलासा किडा बनवतो ती लाख. मध्य भारतातल्या रानांतून ती गोळा होत असे. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातले गाणे अशा रीतीने रानच्या माणसाच्या हातून आलेले होते, हे त्या दिवाणखान्यात कितीजणांना ठाऊक होते कोण जाणे!

मग गाण्याची बांधणी. ध्रुपद हा पाया. तो असा हवा की तीनदा परत आला तरी शिळा वाटू नये. अंतरा म्हणजे पुलाचा गाळा; तो श्रोत्याला दूर घेऊन जातो, पण शेवटी ध्रुपदाच्या खांबावर आणून टेकवतोच. समेला शब्द चुकला की श्रोत्याचा पाय घसरलाच. कधी कवितेला चाल लागते, कधी चाल आधी येते आणि कवीला तिच्या मात्रांत शब्द बसवावे लागतात. आणि मुदत? ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी पुणे आकाशवाणीसाठी ‘गीतरामायण’ केले. १ एप्रिल १९५५ पासून साधारण वर्षभरात, आठवड्याला एक या हिशेबाने ५६ गीते झाली. कंत्राटदाराला मुदतवाढ मिळते; आकाशवाणीचे घड्याळ कुणाला मुदतवाढ देत नाही!

समूहाने गायच्या गाण्याला तर आणखी एक कसोटी असते. ते तालमीवाचून हजारो गळ्यांना म्हणता आले पाहिजे. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे नावच घ्या. छोटे शब्द, आरंभीच पुनरुक्ती, शेवटी मोकळा ‘आ’. सुराचे ज्ञान नसलेल्या माणसालाही तो ‘आ’ छाती भरून लांबवता येतो. जोडाक्षरांची गर्दी नाही, जीभ अडखळेल अशी जागा नाही. शाहिरीची रीत अशीच आहे. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती झेलतात. आणि राजुऱ्याच्या डोंगरात गोंडांची रेला गाणी आहेतच. एकाने उचलायचे, बाकीच्यांनी हातात हात घालून परत द्यायचे. दरबार कुणाचाही असो, हे बांधकामशास्त्र त्या डोंगरातल्या लोकांना आधीपासून येत होते.

पूल बांधणे म्हणजे ऋतूशी करार

आता पुलाकडे वळू. तुमची-आमची दिवाळी म्हणजे सुट्टी. नदीवरच्या इंजिनियरची दिवाळी म्हणजे कामाचा मुहूर्त! पाऊस सरतो, पात्र उतरते आणि मग मृगापर्यंतचे सातआठ महिने काय ते हाती असतात. तेवढ्यात पाया पाण्याच्या वर यायला हवा. नाही आला, तर पुढचा पूर निम्मे काम पुसून टाकतो आणि वर्ष फुकट जाते.

वाळूच्या पात्रात खांब उभा करणे ही तर युक्तीची गोष्ट. बऱ्याच ठिकाणी काँक्रीटची एक पोकळ विहीरच आधी वाळूवर उभी करतात. आतली वाळू उपसत जायचे. विहीर स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली बसत जाते. खडक लागला की तळ काँक्रीटने बुजवायचा आणि वर खांब चढवायचा. इतके खोल कशासाठी? कारण पूर आला की पाणी खांबाभोवती भोवरा धरते आणि बुडाची वाळू खरवडून नेते. पूल बहुधा वरच्या ओझ्याने कोसळत नाही. खालचे कधी निसटले ते कळत नाही, म्हणून कोसळतो.

काँक्रीट ओतले म्हणजे काम झाले, असेही नव्हे. त्यावर दिवसेंदिवस पाणी मारावे लागते, आणि त्याची ताकद मोजायची ती २८ दिवसांनी. या हिशेबाने पाहिले तर आपल्या गाण्यावर महाराष्ट्राने पुष्कळच दिवस पाणी मारले म्हणायचे. १९६० चे गाणे. सरकारने राज्यगीत म्हणून स्वीकारले ते २०२३ साली, शिवजयंतीपासून! त्यातली दोन कडवी घेतली; पावणेदोन मिनिटांच्या आत आटपतात. त्रेसष्ट वर्षांत एकही तडा गेला नाही, असा दाखला कुठल्या बांधकामाला मिळेल?

राजुऱ्याच्या बाजूला बांधकामाची आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे काळी जमीन. कापसाला ती आई, रस्त्याला सावत्र आई! पावसात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचे डांबर बिचारे तिच्या लहरीवर वरखाली होते आणि शेवटी फुटते. खाली मुरूम-गिट्टीचा जाड थर नीट दाबला नाही आणि पाणी निघून जायला गटार ठेवले नाही, तर नव्या रस्त्याचे कौतुक पहिल्या पावसापुरतेच.

सिमेंटचा मुलूख, पुराचा मुलूख

आणि या रस्त्यांवरून जाते काय? तर तुमची-आमची घरे! राजुरा आणि पूर्वी राजुऱ्यातच असलेला कोरपना हा चुनखडीचा पट्टा. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. चुनखडी आणि माती भट्टीत साडेचौदाशे अंशांपर्यंत तापवायची, होतील ते खडे थोड्या जिप्समबरोबर दळायचे, की झाले सिमेंट. सास्तीला कोळशाच्या खाणी. पलीकडे बल्लारपुरात बांबूपासून कागद करणारी गिरणी. ज्या सोसायटीच्या गच्चीवर आपण आकाशकंदील टांगतो, तिच्यात राजुऱ्याकडच्या चुनखडीचा चिमूटभर अंश असणे अगदी शक्य आहे. गाण्याच्या तबकडीला लाख दिली रानाने. घराला सिमेंट दिले, वहीला कागद दिला, तोही याच मुलखाने.

रेल्वेने तर नदी केव्हाच ओलांडली. काझीपेट-बल्लारशा मार्ग १९२९ मध्ये पुरा झाला आणि उत्तर-दक्षिण जोडणारी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस त्या वर्षापासून धावू लागली. दिल्ली आणि मद्रास यांची भेट वर्धेच्या पुलावरून झाली. पण दिल्ली-मद्रासची भेट निराळी आणि राजुऱ्याच्या बाळंतिणीने चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचणे निराळे. तिला हवा असतो रस्ता, आणि रस्त्याचा पूल.

पावसाळ्यात गोष्ट अडते ती इथे. वरच्या अंगाला पैनगंगा आणि इरई मिळालेल्या असल्यामुळे बल्लारपूर-राजुऱ्यापाशी येणारे पाणी एका नदीचे नसते. वर धरणांचे दरवाजे उघडले, इकडे पाऊस लागून राहिला आणि खाली गोदावरी-प्राणहितेलाच पूर असला, की पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही. ते फुगून मागे येते. मग वर्धेवरचा रस्त्याचा पूल पाण्याखाली जातो. २०२२ च्या जुलैत तो असाच बुडाला आणि बल्लारपूर-राजुरा रस्ता बंद झाला. नदीकाठची शेते तळी झाली.

शहरातल्या माणसाला ‘वाहतूक बंद’ या दोन शब्दांचा अर्थ अर्धा तास उशीर एवढाच असतो. राजुऱ्यात त्याचा अर्थ निराळा. कॉलेजला गेलेली मुलगी पलीकडे अडकते. दूध, भाजी, औषधे थांबतात. चंद्रपूरला डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकते. घरात दुखणाईत माणूस असेल, तर सगळे घर आभाळाकडे बघत बसते.

आता कमी उंचीचे पूल बांधणारे मूर्ख होते, असे मात्र कुणी समजू नये. उंच पुलाचा खर्च मोठा. हाती पैसा थोडा आणि नद्या-नाले शेकडो. तेव्हा वर्षाचे साडेअकरा महिने उपयोगी पडेल आणि पंधरा दिवस पाण्याखाली जाईल असा पूल बांधणे हे त्या काळचे शहाणपण होते. असा पूल बांधताना त्याचे अंग गुळगुळीत ठेवतात, कठडे काढून ठेवता येतील असे करतात. पाण्यात वाहून येणारे ओंडके अडकायला नकोत म्हणून. पण वाहने वाढली, गरजा वाढल्या, दवाखाने आणि कॉलेजे पलीकडे झाली. कालच्या शहाणपणावर आजचे ओझे पेलत नाही. गाण्यातल्या कोयनेचेच उदाहरण घ्या. गाणे आले तेव्हा कोयनेचे धरण बांधले जात होते. १९६२ मध्ये तिथली वीज मिळू लागली. १९६७ च्या डिसेंबरात भूकंपाने धरणाला तडे गेले आणि ते पुन्हा मजबूत करावे लागले. बांधकाम एकदाचे होत नसते. प्रत्येक पिढीने त्यात आपली भर घालायची असते.

खंजिरी आणि फावडे

गाणारा एक आणि बांधणारा दुसरा, अशी वाटणी याच जिल्ह्यात एका माणसाने मोडून दाखवली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. पण त्यांची साधना आणि पुष्कळसे कार्य चिमूरच्या परिसरातले. खंजिरीवर त्यांची मराठी-हिंदी भजने सुरू झाली की खेडे लोटत असे. शब्द साधे, ठेका पायाला ओळखीचा, आणि पदाच्या शेवटी काम सांगितलेले: गाव झाडा, रस्ता नीट करा, विहीर स्वच्छ ठेवा. १९४२ साली चिमूर पेटले, त्या वर्षी त्यांना तुरुंगात टाकले गेले. गाण्याची ताकद इंग्रजांना आपल्या आधी कळली म्हणायची! पुढे त्यांनी ‘ग्रामगीता’ लिहिली. ४१ अध्यायांच्या या ग्रंथात ग्रामशुद्धी आहे, ग्रामनिर्माण आहे, आरोग्य आहे. पोथीच्या ओवीत त्यांनी गटार आणि रस्ता आणून बसवला आणि कुणाला तो विटाळ वाटला नाही.

महाराजांच्या सभेत भजन संपले की फावडे हाती यायचे. आपल्या सभांत गाणे संपले की चहा येतो. फरक एवढाच आहे. पण तो थोडाथोडका नाही.

‘माझा’ या शब्दाची किंमत

राजुऱ्यातूनच पुढे वेगळ्या झालेल्या जिवती तालुक्यात, माणिकगडच्या डोंगरभागात, १४ गावे अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगत आले. तिथे शाळा दोन्हीकडच्या, रेशनकार्डे दोन्हीकडची, मतदान दोन्हीकडचे. बाहेरच्या माणसाला ही चैन वाटेल. ज्याच्यावर दोन राज्यांनी हक्क सांगावा तो किती भाग्यवान! पण हक्क सांगणे आणि रस्ता करून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथला माणूस राज्य ओळखतो ते झेंड्यावरून नव्हे. शेतजमिनीचा कागद कुणी दिला, मास्तर कुणी पाठवला, पावसात गाडी कुणाची आली, यावरून ओळखतो.

राज्यगीतातला सगळ्यात जड शब्द कुठला? ‘जय’ नव्हे, ‘महाराष्ट्र’ही नव्हे, तो आहे ‘माझा’. पुण्या-मुंबईत तो शब्द वारशाने मिळतो, म्हणून त्याचे वजन कळत नाही. बारा वर्षांत तीन राज्ये पाहिलेल्या तालुक्याला तो नव्याने शिकावा लागला. राजा बढ्यांनी वरदेचे नाव घेऊन आपल्या वाटचे काम चोख केले. खळ्यांनी त्याला चाल दिली, साबळ्यांनी गळा दिला. कवीने हाक मारावी, एवढेच कवीच्या हाती असते. हाकेला ओ देऊन माणूस निघाला, तर त्याच्या पायाखाली कोरडा रस्ता ठेवणे हे काम कवीचे नाही. ते सरकारचे, इंजिनियरचे आणि कर भरणाऱ्या तुमचे-आमचे आहे.

म्हणून मुलाला वरदा कुठली हे सांगाल, तेव्हा नकाशावर बोट ठेवून तिथेच थांबू नका. नदीच्या पलीकडे राजुरा आहे, तिथेही तुझ्याएवढी मुले आहेत, तीही शाळेत हेच गाणे म्हणतात, आणि पुराच्या दिवसांत त्यांच्या दारची ही नदी त्यांनाच ओलांडता येत नाही, हेही सांगा. मग ते मूल तुम्हाला विचारील, “मग उंच पूल का नाही बांधत?” या प्रश्नाचे उत्तर लगेच देण्याची घाई करू नका. मोठेपणी तो प्रश्न त्याच्या लक्षात राहिला आणि त्यातून एखादा चांगला इंजिनियर किंवा निदान एक जागा मतदार निघाला, तर गाणे सार्थकी लागले म्हणायचे.